माळ्यावरचा तेलाचा डबा

रविवारी चार वाजता टेलर सेट न्यायला येणार होता आणि तीन वाजले तरी घरातल्या एकानेही त्याविषयी तोंड उघडलं नव्हतं. न बोलणं ही या घराण्याची पिढीजात विद्या. याच सेटपायी आजोबांनी अप्पांशी दोन वर्षं अबोला धरला होता. एका टेबलावर जेवताना मीठ हवं असलं तरी ते तिसऱ्याला सांगत, "त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव." अप्पांनी ही विद्या आपल्या मुलांना मुद्दाम कधी शिकवली नाही. पण काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, त्या नाकाच्या ठेवणीसारख्या आपोआप उतरतात.

अप्पा सकाळपासून सेट पुसत बसले होते. टाइपरायटर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. तेव्हाचा मऊ केसांचा ब्रश अजून होता, त्याने ते बटणांच्या खाचा साफ करत होते. सेट म्हणजे हौशी मंडळी दूरवर एकमेकांशी बोलायला वापरतात तो वायरलेस, वीस किलोची लोखंडी पेटी. पुढे दोन मोठी चक्रं, एक पिवळट काच, तिच्यात एक काटा. मागे जाळीच्या झाकणाखाली काचेचे व्हॉल्व्ह. चालू केला की चहाला उकळी येईपर्यंत थांबायचं, मग आतून तांबूस उजेड दिसायचा आणि तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरायचा. चाळीस वर्षांपूर्वी बोटीवरच्या एका वायरलेस ऑपरेटरकडून अप्पांनी तो घेतला, आई लग्न होऊन आली त्याच वर्षी. त्यामुळे आई त्याला "माझी सवत" म्हणे.

"झाकण मी काढतो, अप्पा," धाकटा म्हणाला.

"हात लावू नकोस. आत आठशे व्होल्ट असतात." मग अप्पांना स्वतःचंच हसू आलं. "कुणाला सांगतोय! लिफ्टमधले चारशे चाळीस तू रोज हाताळतोस. सवय रे. लहानपणी तुम्हा दोघांना दिवसातून दहादा सांगायचो."

ते इतक्या साधेपणाने हसले की धाकट्याला तिथे उभं राहवेना. तो जिन्यापलीकडच्या दारातून थोरल्याच्या घरात गेला.

गोष्ट तशी फुटकळ होती. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरने दवाखाना थाटला आणि पेशंटला बरं वाटावं म्हणून भिंतींवर स्पीकर लावून मंद संगीत सुरू केलं. सकाळी आठला अप्पा सेटवरून रोजच्या मित्रमंडळींशी बोलायला बसले, की त्या संगीतातून अप्पांचाच आवाज घुमायचा, "आवाज कसा येतोय? ओव्हर." खुर्चीत आ वासून पडलेला पेशंट दचकून उठायचा. डॉक्टरने सोसायटीकडे लेखी तक्रार केली, आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे खुद्द थोरला. त्याची अडकित्त्यातली सुपारी झाली. बापाला सांगायची छाती नाही, डॉक्टरला उडवून लावायची सोय नाही.

इलाज अवघड नव्हता. केबलवर एक फिल्टर बसवला आणि खालच्या स्पीकरच्या तारा नीट केल्या की काम झालं असतं. धाकटा लिफ्ट दुरुस्त करणारा, अप्पांच्या हाताखाली सोल्डरचे डाग द्यायला शिकलेला. त्याने दोन दिवसांत फिल्टर करतो म्हणून सांगितलं. "तेवढे दोन दिवस काहीतरी कर बाबा," थोरला म्हणाला. म्हणून धाकट्याने माळ्यावर, अँटेनाची केबल जिथून गच्चीकडे जाते तिथे, लिफ्टच्या पॅनलमधला एक रिले बसवला. अप्पा ऐकत असतील तेव्हा केबल गच्चीवरच्या तारेला जोडलेली. पण त्यांनी बोलायचं बटण दाबलं, की रिले टिक करून केबल एका तेलाच्या डब्याकडे वळवायचा. त्या डब्यात तेलात बुडवलेला एक रेझिस्टर होता. सेट तपासायला असा डबा वापरतात. त्यात गेलेली शक्ती तेल गरम करते, बाहेर काही जात नाही. म्हणजे अप्पांना सगळ्यांचं ऐकू येणार, आणि अप्पांचं कुणालाच नाही.

दोन दिवसांचे आठ महिने झाले. कुणी दुष्टपणा केला नाही. तक्रार थांबली, डॉक्टर जिन्यात हसून बोलू लागला, आणि फिल्टरचा रविवार पुढच्या रविवारवर जात राहिला.

रोज आठला टेलर त्याच्या दुकानातल्या सेटवरून हजेरी घ्यायचा. एकेकाचं टोपणनाव पुकारायचा. "टंकमास्तर?" अप्पा बटण दाबून म्हणायचे, "हजर." टेलर थोडं थांबून म्हणायचा, "मास्तर नाहीत आजही." अप्पा पुन्हा म्हणायचे, "हजर, हजर. ऐकू येतंय का?" धाकटा शेजारच्या बाथरूममध्ये दाढी करत हे ऐकायचा. तीन महिन्यांनी टेलरने ते नाव हजेरीतून वगळलं. त्यानंतरही अप्पा हजेरी संपेपर्यंत थांबायचे आणि शेवटी एकदा हजर म्हणायचे.

थोरल्याच्या स्वयंपाकघरात थोरला पेपर उघडून बसला होता. एकच पान किती वेळ समोर होतं कोण जाणे.

"दादा, मी सांगून टाकतो."

"खुळा आहेस का?" थोरल्याने पेपर खाली ठेवला. "तासाभराचा प्रश्न आहे. सेट जाईल, सगळं आपोआप मिटेल. तू फक्त त्याआधी माळ्यावरचा डबा काढ."

"कसा काढू? अप्पा सकाळपासून माळ्याखालीच बसलेत."

"मग नंतर काढ. सेट गेल्यावर केबलला कोण विचारतंय?"

"आणि अप्पांना आयुष्यभर वाटत राहणार, आपल्याला जमेनासं झालं म्हणून. बुधवारी काय म्हणाले ते ऐकलंस ना? 'लायसन्सही पुढे चालू ठेवत नाही. माझे हात गेले आता.' हात गेले म्हणाले, दादा."

"म्हातारपणी माणूस काहीही म्हणतो."

थोरली सून इतका वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि बोलणं मोजून-मापून करायची. आता ती वळली.

"मागच्या महिन्यात अप्पा आमच्या दुकानात येऊन गेले. मी डबा खायला आत गेले होते, नेमकी तीच वेळ साधून. स्मरणशक्तीच्या गोळ्या घेऊन गेले. डॉक्टरची चिठ्ठी होती."

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही मला तो तेलाचा डबा केव्हा सांगितलात? मी माळ्यावरून बॅग काढायला चढले तेव्हा मला दिसला."

"दिसला ना? मग तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा तर म्हणालीस, सकाळ किती शांत झाली."

सुनेने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. ती तसं म्हणाली होती. खरंच म्हणाली होती, आणि मनापासून.

"म्हणाले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तर चिठ्ठीचं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं." मग ती धाकट्याकडे वळली. "भावजी, सांगायचं असेल तर सांगा. मी तुमच्या बाजूने आहे."

"वा!" थोरला म्हणाला. "आता बाजू पडल्या घरात. आणि टेलरने दोनदा फोन केला तेव्हा 'डॉक्टरांनी अप्पांना बोलायला मनाई केलीय' अशी थाप मारून कुणी निभावून नेलं? सगळं निस्तरायचं मी, आणि चांगलं म्हणवून घ्यायचं तुम्ही."

अप्पा मोबाइल वापरत नसत. ज्याच्याकडे सेट आहे त्याला फोन कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे थोरल्याची थाप आठ महिने सुखाने नांदली होती.

समोरच्या घरात आईने शर्टाला इस्त्री केली आणि अप्पांसमोर धरला.

"हा... शर्ट... घाला. टेलरभाऊजी... येतील. चार वाजता."

"अगं, मी बहिरा नाही झालो."

"नाही, विसरायला नको म्हणून."

आई हल्ली अशीच बोलायची, एकेक शब्द सुटा करून. हिवाळ्यात अप्पांनी दहा वेळा सेट उघडला आणि दहा वेळा लावला. कधीकाळी अडीनडीला म्हणून कापसात गुंडाळून ठेवलेली व्हॉल्व्हची शेवटची जोडीही त्यांनी बसवून पाहिली. जुनी परत घातली, पुन्हा नवी घातली. "काही बिघाड नाही आणि तरी चालत नाही," ते स्वतःशीच पुटपुटायचे. आईने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, किल्ल्या आपल्या कमरेला घेतल्या आणि अप्पांना एकट्याने बाजारात पाठवणं बंद केलं. चाळीस वर्षं जिची चेष्टा केली त्या सवतीची आता तिला कीव येत होती. नवरा हातचा चालला होता तो दोघींच्याही.

टेलर चारला पाच मिनिटं कमी असताना आला. बुटका, गळ्यात मोजपट्टी नसेल तर कपडे न घातल्यासारखं वाटणारा माणूस. आजही ती खिशातून डोकावत होती. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मास्तर, तुमच्या सेटला आता पेन्शन द्या." दुसऱ्या दिवसापासून मास्तर गप्प झाले. त्याला वाटलं, लागलं त्यांना. दोनदा फोन करून पाहिला, मग लाज वाटून गप्प बसला. बुधवारी अप्पांचं पत्र आलं, दोनच ओळींचं, सेट घेऊन जा म्हणून, तेव्हा तो पुरता वरमला.

"मास्तर, मी त्या दिवशी गमतीनं बोललो होतो हो," तो दारातच म्हणाला. "एवढं मनावर घ्यायचं?"

"कुठल्या दिवशी?" अप्पांनी विचारलं. "बसा. चहा घ्या आधी."

खोलीत सगळे जमले. थोरला दाराजवळ, सून आईच्या खुर्चीमागे, धाकटा खिडकीशी. बोलायला विषय भरपूर होते आणि प्रत्येक जण चहाच्या कपात पाहत होता.

"वस्तू द्यायची तर चालू स्थितीत द्यावी," अप्पा म्हणाले. "तसा आतून शाबूत आहे. तुम्ही बघा, मला नाही सापडलं काय ते. तुमचे हात अजून शाबूत आहेत."

त्यांनी सेट सुरू केला. व्हॉल्व्ह तापू दिले. मग अप्पांनी बटण दाबून डाव्या हाताने एक चक्र फिरवलं, काटा खाली आणला, उजव्या हाताने दुसरं चक्र वाढवलं, पुन्हा डावं. हे दहा सेकंदांत उरकावं लागतं, नाहीतर व्हॉल्व्ह लाल होऊन जळतात. अप्पांना सहाच लागले. टेलरने ते मोजले. हात गेलेल्या माणसाचे हात नव्हते ते.

"परत येणारी शक्ती किती दाखवतोय?" टेलरने विचारलं.

"शून्य. सगळी शक्ती वर जातेय. आठ महिने हेच बघतोय मी. मीटर म्हणतं सगळं उत्तम आहे, आणि तिकडे कुणाला ऐकू जात नाही."

"थांबा, थांबा. कुणाला ऐकू जात नाही म्हणजे? तुम्ही बोलत होता?"

"रोज," अप्पा म्हणाले.

टेलर खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "खालच्या टोकाला घ्या बरं." काटा शून्यावर. "आता वरच्या टोकाला." तरी शून्यावर. "पाऊस पडला तेव्हा? वारा सुटला तेव्हा?"

"तसाच."

"मास्तर, एकच शर्ट गावातल्या सगळ्यांना बरोब्बर बसायला लागला तर माझ्यासारखा टेलर म्हणेल, मापातच काहीतरी गडबड आहे. गच्चीवरची तार इतकी गुणी नसते, थोडी शक्ती परत पाठवतेच. केबल कुठून जाते?"

"माळ्यावरून. पण ती तपासून झालीय. माझे गुडघे चढू देत नाहीत, म्हणून याला गच्चीवर पाठवलं होतं." अप्पांनी धाकट्याकडे मान केली. "त्याने सांगितलं, एकदम टकाटक आहे."

धाकटा खिडकीबाहेर पाहू लागला. थोरला घाईघाईने पुढे आला. "टेलरकाका, कशाला त्रास घेता? तुमच्याकडे नेल्यावर बघा ना निवांत."

"त्रास कसला?" टेलरने स्टूल ओढलं होतं. वय झालं तरी तो टणाटण चढला. माळ्याच्या अंधारात त्याचं डोकं आणि खांदे गेले, काडीपेटीएवढी बॅटरी लागली, आणि मग बराच वेळ काही झालं नाही.

तेलाचा डबा, रिले, नीट बांधलेल्या तारा. टेलरला कळायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. उरलेला वेळ तो खाली उतरून काय बोलावं याचा विचार करत होता. दुसऱ्याच्या घरातलं उसवलेलं झाकायचं, हा त्याचा धंदाच. तो खाली उतरला, हात झटकले आणि कुणाकडेही न बघता म्हणाला,

"सोल्डर सुटलंय, मास्तर. केबलच्या जोडावरचं. साधी गोष्ट आहे. पाच मिनिटांचं काम."

थोरल्याने सोडलेला श्वास सुनेला ऐकू आला. "बघा!" तो म्हणाला. "मी म्हणतच होतो, काहीतरी किरकोळ असणार. झालं म्हणजे. अप्पा, आता सेट द्यायची गरजच नाही!"

संकट टळलं होतं. खोलीतल्या तीन माणसांना ते एकदमच जाणवलं आणि धाकट्याने चोरासारखं अप्पांकडे पाहिलं.

अप्पा खुश झाले नव्हते. ते सेटच्या पिवळट काचेकडे बघत होते आणि त्यांची मान हळूहळू खाली चालली होती.

"सुटलेलं सोल्डर," ते म्हणाले. "आठ महिने. चाळीस वर्षं डाग दिले मी, टेलर. शिकाऊ पोरगासुद्धा पहिल्यांदा जोड तपासतो. आणि मी व्हॉल्व्ह बदलत बसलो. तुमच्यासमोर आता काय बोलायचं मी." त्यांनी ब्रश उचलला आणि पुन्हा ठेवला. "बरं झालं सेट देतोय ते. ही सांगते ना मला सावकाश समजावून, ते बरोबरच आहे तिचं."

आईने तोंडावर पदर घेतला.

धाकट्याने ठरवलं वगैरे काही नाही. त्याला फक्त ती मान खाली जाताना बघवली नाही.

"सोल्डर नव्हतं सुटलं," तो म्हणाला.

"अरे, राहू दे ना," टेलर म्हणाला.

"नाही काका. तुम्ही आमच्यासाठी खोटं बोललात, उपकार झाले. अप्पा, माळ्यावर मी रिले बसवलाय. तुम्ही बटण दाबलं की केबल तेलाच्या डब्याकडे वळते. तुमचा आवाज या खोलीबाहेर गेलाच नाही. पहिल्या दिवसापासून. खाली दातांच्या डॉक्टरच्या स्पीकरमधून तुमचं बोलणं ऐकू यायचं, त्याने तक्रार केली होती. दोन दिवसांसाठी म्हणून बसवला होता."

"मी सांगितलं होतं बसवायला," थोरला खालच्या आवाजात म्हणाला. एवढं मात्र त्याने केलं.

अप्पांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते कुणाला अपेक्षित नव्हतं. ते हसत होते.

"म्हणजे सेट चांगला आहे?"

"हो."

"व्हॉल्व्ह? जुने व्हॉल्व्हपण चांगले होते?"

"सगळं चांगलं होतं, अप्पा."

"अगं ऐकलंस का?" ते आईला म्हणाले. "सगळं चांगलं होतं! मी उगाच..." ते मोठ्याने हसले आणि टेलरच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांचा आनंद अगदी खरा होता, आणि तो बघणं रागापेक्षा कठीण होतं. सुनेने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग ते हसणं कमी कमी होत गेलं.

"मी तुला गच्चीवर पाठवलं होतं," अप्पा म्हणाले. "गेला होतास?"

"गेलो होतो."

"काय केलंस वर?"

"सिगरेट ओढली." धाकट्याला आता खोटं बोलायची ताकद नव्हती. "ती संपली आणि खाली आलो."

"आणि सकाळी मी हजर म्हणायचो, तेव्हा तू शेजारी दाढी करायचास."

"हो."

आई उठली. या घरात आईचा आवाज चढलेला कुणी फारसा ऐकला नव्हता.

"तुमच्या जिभा काय झडल्या होत्या?" ती थोरल्यावर कडाडली. "अप्पा, खाली त्रास होतोय, एवढं एक वाक्य! हे रागावले असते. दोन दिवस फुगून बसले असते. तुमच्या आजोबांचे चिरंजीव ते, फुगणारच. म्हणून काय माणसाला जिवंतपणी मुका करायचा?"

"आई, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ठेव तुझ्या सोसायटीच्या फाइलीत." ती दम लागल्यासारखी थांबली, आणि मग तिचा आवाज बसला. "आणि मी तरी काय शहाणी? पोरांनी आवाज बंद केला, मी तर यांची अक्कलच काढून घेतली. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. साखर म्हणून लिहिलं साखरेच्या डब्यावर. यांनी वाचलं आणि एका शब्दाने विचारलं नाही."

"विचारून काय करणार होतो?" अप्पा म्हणाले. "मलाही तेच वाटत होतं."

टेलर कपातली साखर ढवळत बसला होता. कपात चहा उरला नव्हता.

"एक सांगतो," अप्पा धाकट्याला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "काटा हलत नाही याचा अर्थ मला कळत नव्हता असं समजू नकोस. एकदा मनात आलं होतं, केबल भलतीकडेच जातेय. एकदाच आलं. पण मग मला तुझ्यावर संशय घ्यावा लागला असता. त्यापेक्षा स्वतःच्या डोक्यावर घेणं सोपं वाटलं. म्हणून डॉक्टरकडे गेलो."

धाकट्याला खाली बसायचं होतं, पण या घरात बसायचा आपला हक्क संपल्यासारखं त्याला वाटलं. तो उभाच राहिला.

"अप्पा, मी आज फिल्टर करतो," तो म्हणाला. "आत्ता करतो. डॉक्टरशी मी बोलतो. उद्या सकाळी..."

"सेट जाईल," अप्पा म्हणाले. "ठरल्याप्रमाणे."

"आता कशाला?" थोरला म्हणाला. "आता तर कळलं ना, काही बिघडलेलं नाही!"

"इथे राहिला तर रोज सकाळी बटण दाबायच्या आधी मला माळ्यावर चढून बघावं लागेल, केबल कुठे जाते ते. माझे गुडघे तेवढे चांगले नाहीत." ते टेलरकडे वळले. "तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवू. मी येत जाईन रोज आठला. चालेल?"

"चालेल काय, मास्तर, धावेल," टेलर म्हणाला. तो हसायला गेला, पण ते जमलं नाही.

सेट धाकट्यानेच उचलला. कुणी सांगितलं नाही आणि कुणी नको म्हटलं नाही. लिफ्ट त्याने स्वतः दुरुस्त केलेली, ती झोकात चालत होती. आत तो, अप्पा आणि टेलर तिघे उभे होते आणि चार मजले उतरेपर्यंत अप्पा मजल्यांचे आकडे बघत होते. वीस किलोंनी त्याच्या दंडाला रग लागली. आणखी दहा मजले असते तरी त्याला चाललं असतं.

टेलरचं दुकान रविवारी बंद. टेलरने काचेचं दार उघडलं, दिवे लावले. मागच्या खोलीत टेलरच्या सेटशेजारी आणखी एक टेबल होतंच. कापडाचे तागे बाजूला करून धाकट्याने त्यावर सेट ठेवला आणि गच्चीवरून येणारी केबल जोडली. जोडली, ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. अप्पा ते बघत होते. मग त्यांनी त्याला बाजूला व्हायची खूण केली आणि जोड स्वतः तपासला.

सहाला पाच मिनिटं होती. रविवारी संध्याकाळी सहाला सगळी मंडळी पुन्हा जमायची. व्हॉल्व्ह तापले. अप्पांनी डावं चक्र फिरवलं, उजवं फिरवलं, काटा थोडा मागेपुढे झाला आणि ते समाधानाने म्हणाले, "हं, आता कसा बरोबर डुगडुगतोय."

धाकट्यालाही हसू आलं. त्याने टेलरमागचं स्टूल पुढे ओढलं.

"तू बाहेर थांब," अप्पा म्हणाले.

"अं?"

"बाहेर थांब. दार लावून घे." त्यात राग नव्हता. लिफ्टमध्ये परक्या माणसाला 'जरा सरका' म्हणावं, इतकंच होतं त्यात.

धाकट्याने टेलरकडे पाहिलं. टेलर हजेरीची वही उघडण्यात गुंतला होता. मग धाकटा तागे ओलांडून बाहेर आला आणि त्याने काचेचं दार ओढून घेतलं. दार जाड होतं, रस्त्यावरच्या आवाजांसाठी बसवून घेतलेलं.

काचेतून दुकानाच्या टोकाला मागची खोली सरळ दिसत होती. अप्पांनी बटण दाबलं. त्यांचे ओठ हलले. मग ते पुढे झुकून थांबले, आणि खांदे एकदम सैल पडले. पलीकडून एका वेळी बरेच जण बोलत असावेत. अप्पा कधी हात वर करत होते, कधी टेलरला काही सांगत होते, पुन्हा सेटकडे वळत होते. एकदा ते मान मागे टाकून हसले आणि मनगटाने डोळे पुसत बोलतच राहिले.

रस्त्यावर त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. धाकट्याचा हात दाराच्या मुठीकडे गेला आणि त्याने तो खिशात घातला. वीस-पंचवीस मिनिटं तो तिथे उभा होता. आतून एकदाही कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि पाहू नये असंच त्याला वाटत होतं.